कर्नलसाहेबांची दोन कुलपं

आमच्या बेलवलीच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर हल्ली दोन आयटीवाली मुलं भाड्याने राहतात. गुणी आहेत, पण बूट दाराबाहेर कसेही भिरकावतात. एक पायपुसण्यावर, दुसरा जिन्यात. मी येताजाता ते सरळ करून ठेवते आणि दर वेळी त्याच दारासमोर स्टुलावर बसून बुटांना पॉलिश करणारे कर्नलसाहेब मला आठवतात. रिटायर झालेला माणूस. परेड नाही, वरचा साहेब नाही, जायचं कुठे तर मार्केटात मेथी आणायला. पण बूट असे चकाचक, की भाजीवाली आधी बुटांकडे बघायची आणि मग भाव सांगायची. अर्थात जास्तच सांगायची. हे निमूट देऊन यायचे. मी चिडायचे, म्हणायचे, अहो, घासाघीस करा की जरा. त्यावर शांतपणे म्हणायचे, "सुनंदाताई, आयुष्यभर वाटाघाटीच केल्या. मेथीसाठी नको आता."

कर्नल आनंद ओव्हाळ हे त्यांचं नाव. पण अंबरनाथ-उल्हासनगरात नुसतं नाव सांगून कोणाच्या काही लक्षात येत नसे. 'नानांचा मुलगा' म्हटलं की मात्र माणसं खुर्चीवरून उठायची. नाना ओव्हाळ म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ. कारखान्यात फिटर होते, तिथे कामगारांचे पुढारी झाले, मग सगळ्या समाजाचे. बौद्ध वस्त्यांमध्ये अजून घरोघरी त्यांचा फोटो आहे. आम्ही कोकणातले, आमचा समाज वेगळा, पण माझे वडील त्याच कारखान्यात होते, म्हणून मी नानांना लहानपणी एकदा पाहिलंय, वडिलांच्या खांद्यावरून. नाना काय बोलले ते काही आठवत नाही. वडील रडत होते एवढं आठवतं, आणि आमचे वडील आजीच्या मयतालाही रडले नव्हते.

तर अशा माणसाचा मुलगा आमच्या सोसायटीत फ्लॅट घेतोय म्हटल्यावर कमिटीला कोण आनंद झाला. मी सेक्रेटरी. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यावर दुसरं कोणी तयार होईना म्हणून माझ्या गळ्यात पडलेलं पद, आणि माझं तोंड फाटकं असल्यामुळे ते अजून माझ्याकडेच आहे. आम्ही सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, माइक, सगळं. लोक गच्चीवर गर्दी करून बसले. नानांचा मुलगा, त्यात सैन्यातला कर्नल, त्यात परदेशातल्या वकिलातीत राहून आलेला. आता तोफा धडाडणार असंच सगळ्यांना वाटत होतं. कर्नलसाहेब उठले, माइक जरा दूर सारला आणि म्हणाले, "मी इथे राहायला आलोय. पाणी किती वाजता येतं तेवढं कळलं तर बरं होईल." आणि बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कोणालाच कळेना. पहिल्या रांगेत त्यांच्या आई बसल्या होत्या, पांढरी साडी, डोक्यावर पदर. त्या मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या.

त्या माई. माई गेल्या त्याला आता वर्ष उलटून गेलं, आणि कर्नलसाहेब मुलीकडे पुण्याला गेले. त्यांची बायको आधीच गेलेली. माई होत्या तोवर दुपारची मी बहुतेक त्यांच्याकडेच. भाजी निवडता निवडता त्या एक एक सांगायच्या, आणि कर्नलसाहेब आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसलेले असायचे, ऐकू येऊनही न ऐकल्यासारखे. मला जे माहीत आहे ते निम्मं माईंकडून आणि निम्मं त्यांच्या न बोलण्यावरून.

नानांना मुलगा वकील करायचा होता. कामगारांच्या केसेस लढवायला घरचा वकील हवा, हा हिशेब. आणि पोराने न सांगता सैन्याची परीक्षा दिली. नानांनी मोर्च्यात पोलिसांच्या काठ्या खाल्लेल्या. सरकारचा गणवेश घालणारा मुलगा म्हणजे त्यांना घरात साप शिरल्यासारखं झालं. सहा महिने बापलेक एका ताटात जेवले नाहीत असं माई म्हणायच्या, आणि लगेच म्हणायच्या, सहा कुठले, जास्तच असतील, मोजायला मी कुठे बसले होते. ट्रेनिंग संपून परेड झाली, तिथे आईबाप मुलाच्या खांद्यावर बिल्ले लावतात. त्या दिवशी कारखान्याच्या गेटवर नानांची सभा होती. नाना सभेला गेले. माई एकट्या, शेजारणीची बॅग मागून, दोन दिवसांचा प्रवास करून गेल्या, आणि दुसऱ्या खांद्यावरचा बिल्ला कोणीतरी अनोळखी साहेबाने लावला.

पलटणीत कोणी विचारलं, वडील काय करतात, तर हे सांगायचे, फिटर आहेत. खोटं नव्हतंच ते. नाना वारले तेव्हा पेपरात मोठे फोटो आले, अंत्ययात्रेला कल्याणपासून माणसांची रांग लागली, तेव्हा कुठे यांच्या वरिष्ठांना कळलं की हा कोणाचा मुलगा. मी एकदा न राहवून विचारलंच, लपवायचं काय कारण होतं? मग म्हणाले, तिथे सगळं मला एकट्याला मिळालं, सुनंदाताई. शिव्यासुद्धा.

आता सीमेवरची गोष्ट. ही त्यांनी स्वतः सांगितलेली, आणि दर वेळी सांगताना ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं. सीमेवर दोन्हीकडचे अधिकारी अधूनमधून भेटतात. पांढरे झेंडे लावतात, टेबल मांडतात, इकडे जितक्या खुर्च्या तितक्याच तिकडे. मोठाले प्रश्न तिथे सुटत नाहीत. चुकून पलीकडे गेलेला गुराखी परत घ्या, वाहून गेलेली होडी परत द्या, असली कामं. तर एकदा आपल्या गावातल्या म्हातारीची शेळी तारेखालून पलीकडे गेली. गाभण होती. तिकडे जाऊन व्याली, दोन पिल्लं झाली. समोरचा मेजर म्हणाला, शेळी तुमची, घेऊन जा. पिल्लं आमच्या जमिनीवर जन्मली, ती आमची. झालं. इकडचा हवालदार तापला, तिकडचा सुभेदार तापला. राष्ट्राच्या इभ्रतीचा सवाल, आणि मधे शेळी ओरडतेय. कर्नलसाहेब तेव्हा कॅप्टन होते. त्यांनी आधी सगळ्यांना चहा द्यायला लावला. मग म्हणाले, पिल्लं तुमची की आमची हे आपण पुढच्या बैठकीत ठरवू, पण तोवर ती दुधाविना मरतील, आणि मेल्यावर भांडायला काही उरणार नाही. तेव्हा दूध सुटेपर्यंत आईपाशी राहू देत. समोरच्या मेजरने मान हलवली. पुढच्या बैठकीत पिल्लांचं नाव कोणी काढलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. "समोरच्याला हरल्यासारखं वाटू द्यायचं नाही," ते म्हणायचे, "बाकी काम वेळ करतो."

याच गुणावर पुढे त्यांना परदेशी वकिलातीत पाठवलं. एका थंड देशात, नाव त्यांनी कधी फार घेतलं नाही. आपल्या राजदूताच्या हाताखाली सैन्याचा माणूस म्हणून. मला वाटायचं तिथे नकाशे, दुर्बिणी, गुपितं असं काहीतरी असेल. छे. त्यांच्या सांगण्यावरून काम एकच, जेवणं. रोज कोणाकडे तरी जेवायला जायचं आणि पुढ्यात येईल ते हसून खायचं. एका मेजवानीत म्हणे कच्चा मासा आणि वर गोड सॉस होता, आणि यजमान जनरल डोळ्यांत डोळे घालून बघत होता. त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. या कसबाचा फायदा मला झाला. मी एकदा गुळाऐवजी चुकून मिठाचा डबा पुरणात रिता केला होता आणि चव न बघताच पोळ्या त्यांच्याकडे पाठवल्या होत्या. ताट धुऊनपुसून परत आलं, वर निरोप, छान होत्या. मग घरात उरलेल्या पोळीचा एक तुकडा मी तोंडात टाकला आणि मला रडूच आलं.

तिथेच एकदा टेबलावर कोणी कुठे बसायचं यावरून दोन देशांचे अधिकारी रुसून निघाले होते. यांनी खुर्च्याच काढून टाकल्या आणि सगळ्यांना उभ्याने जेवायला घातलं. ही युक्ती त्यांनी आमच्याकडेही वापरली. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा म्हणजे दरवर्षीचं महाभारत. ए विंगला पाणी जास्त, बी विंगला कमी, यावरून संध्याकाळ सरायची, माणसं खुर्च्या ओढून ठाण मांडून बसायची. त्या वर्षी गच्चीवर जाऊन बघते तर एकही खुर्ची नाही. कर्नलसाहेब म्हणाले, मांडववाल्याने पाठवल्या नाहीत. त्यांनीच नको म्हणून कळवलं होतं, हे मला नंतर कळलं. गुडघेदुखीवाल्या मंडळींनी असा झपाटा लावला, की पाण्याचा ठराव चहा निवायच्या आत पास. मी तर त्या दिवशी मनातल्या मनात त्यांना सलाम ठोकला.

एवढा हुशार माणूस, पण घरचं एक दुखणं होतं त्याला हात लावत नव्हते. आणि तेच माईंना खात होतं.

नानांनी हयातीत अंबरनाथला एक खोली बांधून घेतली होती. वस्तीतल्या मुलांना अभ्यासाला बसायला. चाळीतल्या एका खोलीत सात माणसं, पोरं अभ्यास करणार कुठे, म्हणून. जागा नगरपालिकेची, वीट वस्तीची. माईंनी स्वतः डोक्यावरून विटा वाहिल्या होत्या, आणि पुढे कितीतरी वर्षं संध्याकाळी दार उघडून दिवा लावायचं कामही त्यांचंच. त्या खोलीत बसून शिकलेली पोरं आज बँकेत, शाळेत, कोर्टात आहेत. नाना गेले आणि त्यांच्या माणसांत दोन गट पडले. एक अंबरनाथचा, त्याचे पुढारी वामनराव, नानांच्याच हाताखाली कारखान्यात तयार झालेले. दुसरा उल्हासनगर कॅम्प एकचा, त्याचे पुढारी गौतमभाऊ, टेम्पोवाल्यांची युनियन चालवणारे. नानांचा खरा वारस कोण, यावर दोघांचं फाटलं. खोलीच्या पाटीवर अध्यक्ष म्हणून कोणाचं नाव आधी लावायचं यावरून हाणामारी झाली, आणि एके सकाळी दाराला वरच्या कडीला गौतमभाऊंचं कुलूप आणि खालच्या कडीला वामनरावांचं. पोलीस आले, दोघांना दम भरला की आता कोणी दाराला हात लावला तर आत टाकू. तेव्हापासून खोली बंद. पोरं पुन्हा जिन्यात, स्टेशनच्या बाकावर, जिथे जमेल तिथे.

नानांच्या स्मृतिदिनाला दोन्ही गट माईंना न्यायला यायचे. सकाळी वामनराव, नंतर गौतमभाऊ, दोघांच्या गाड्यांवर नानांचा तोच फोटो. "जय भीम माई, चला, लोक वाट बघतायत." माई दोघांनाही पोटभर खायला घालायच्या आणि एकच सांगायच्या, "कुलूप काढा, मग येते. मला त्या खोलीत बसायचंय, तुमच्या स्टेजवर नाही." दोघंही मान खाली घालून जायचे, आणि खाली गेल्यावर एकमेकांना शिव्या द्यायचे.

मग दोन गोष्टी एकदम झाल्या. माई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि ऑपरेशन झालं तरी डॉक्टरांनी कर्नलसाहेबांना बाजूला घेऊन सांगितलं, फार काळ धरू नका. आणि नगरपालिकेने कळवलं, की जागा पडून आहे, दोन्ही गटांनी मिळून ताबा घेतला तर ठीक, नाहीतर मार्चनंतर खोली पाडून तिथे पार्किंग होणार. माई पलंगावर पडल्या पडल्या म्हणाल्या, आनंदा, मला एकदा तिथे बसव रे. दुसरं काही मागितलं नाही त्या बाईने मुलाकडे आयुष्यात, मला खात्री आहे.

मी जिन्यात त्यांना गाठलं. म्हटलं, साहेब, जगाची भांडणं मिटवलीत, हे का नाही? पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "मी दोन देशांच्या मधे बसलोय, सुनंदाताई. ते सोपं होतं. तिथे दोघांपैकी कोणी माझ्या बापाचं नाव घेत नव्हतं." मग स्वतःच म्हणाले, त्या माणसाने त्या खोलीला जितका वेळ दिला त्याच्या निम्माही मला दिला नाही. आता तीच खोली वाचवायची मीच. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघांनाही फोन केला.

भेट ठेवली चिखलोलीला. तिथे त्यांचा एक जुना सुभेदार नव्या इमारतीत राहायला आला होता, खाली मोकळं गार्डन. अंबरनाथचं म्हणावं तर नाही, उल्हासनगरचं तर मुळीच नाही, सगळी वस्ती नवी, कोणाला नाना माहीत नाहीत आणि वामनरावही नाहीत. म्हणूनच निवडलं. आता आपल्याकडे पुढारी नेहमी उशिरा येणार. जो नंतर येतो तो मोठा. आधी आलेल्याला वाट बघावी लागते, म्हणजे तो लहान झाला. कर्नलसाहेबांनी वामनरावांना हळूच सांगितलं, गौतमभाऊ अकराला पोचतील, तुम्ही सव्वाअकराला या. गौतमभाऊंना सांगितलं, वामनराव अकराला पोचतील, तुम्ही सव्वाअकराला या. सव्वाअकराला दोन गाड्या दोन गेटांतून एकदम आत आल्या, आणि दोघांनीही एकमेकांकडे असं पाहिलं, की मला हसू आवरेना. मला मुद्दाम नेलं होतं, चहा द्यायला, आणि दोन्हीपैकी कोणाची नाही म्हणून.

दोन्ही बाजूंना खुर्च्या सारख्या. आधी चहा. मग माईंच्या तब्येतीबद्दल सगळं सांगितलं, अगदी सविस्तर, डॉक्टर बोलले ते पण. दोघांचे चेहरे पडले. शेवटी हे दोघं त्याच माईंच्या हातचं खाऊन वाढलेले. मग गाडी पाटीवर आली. नाव आधी कोणाचं. गौतमभाऊ म्हणाले, "साहब, हमारे लोग नहीं मानेंगे, नाव आधी माझंच येणार." वामनराव म्हणाले, मग आमचे लोक तरी कसे मानतील. कर्नलसाहेब म्हणाले, दोन देशांत करार होतो तेव्हा त्याच्या दोन प्रती असतात. माझ्या प्रतीत माझं नाव आधी, तुमच्या प्रतीत तुमचं. सगळं जग असंच करतं. दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक पाटी लावा. उजवीकडच्या पाटीवर वामनराव आधी, डावीकडच्या पाटीवर गौतमभाऊ आधी. सगळं जग असंच करतं म्हटल्यावर नाही म्हणायला जागा राहिली नाही. फक्त गौतमभाऊंनी विचारलं, उजवी बाजू कोणत्या अंगाने धरायची, आतून की बाहेरून? कर्नलसाहेब म्हणाले, ज्याला जशी हवी तशी धरा. ठरलं. रविवारी सकाळी दोघं आपापलं कुलूप एकाच वेळी उघडणार, माई आत जाणार.

त्या रविवारी कर्नलसाहेब पहाटेपासून येरझाऱ्या घालत होते. माईंना खुर्चीत बसवून गाडीने नेलं. मी त्यांच्या शेजारी, हात हातात. वस्तीत दोन्ही गटांची माणसं जमली होती, नगरपालिकेचा माणूस उभा होता. दाराला दोन कुलपं, वर आणि खाली, दोन्ही अगदी सारखी. उल्हासनगर कॅम्पातल्या बाजारातली, नकली मालाची. तिथला शेठ म्हणतो ना, साईं, ओरिजिनल से भी ओरिजिनल, त्यातली. कर्नलसाहेबांनी इशारा केला. गौतमभाऊंनी वरच्या कुलपात किल्ली घातली, वामनरावांनी खालच्या. फिरवली. फिरेना. पुन्हा फिरवली. वरचंही उघडेना, खालचंही. कोणी म्हणालं गंज चढला असेल, कोणी तेल आणलं. तेल घातलं, तरी नाही. आणि मी बघत होते, दोघांनाही घाम फुटलेला, पण एकमेकांकडे बघायला कोणी तयार नाही. वामनरावांच्या हातातल्या जुडग्यात तशीच आणखी एक किल्ली होती. गौतमभाऊंच्याही.

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. कुलपं लागल्यावर, पोलीस दम देऊन गेल्यावरही, या दोघांनी कधीतरी चोरून एकमेकांचं कुलूप तोडलं होतं. वामनरावांच्या माणसांनी वरचं तोडून तिथे आपलं लावलं. गौतमभाऊंच्या माणसांनी खालचं तोडून तिथे आपलं लावलं. समोरच्याला आत जाता येऊ नये म्हणून. दोघांनाही फक्त आपला पराक्रम ठाऊक. त्यामुळे आपलं कुलूप उघडणार आणि समोरच्याची चारचौघांत फजिती होणार, असं धरून दोघं मोठ्या रुबाबात आले होते. आता वरचं कुलूप वामनरावांचं आणि खालचं गौतमभाऊंचं, आणि ते कबूल करायचं तर सगळ्या वस्तीसमोर चोर ठरायचं. गर्दीत कुजबुज सुरू झाली. एकाने तर हातोडा आणतो म्हटलं. आता हाणामारी होते आणि खोली जाते, या भीतीने मी माईंची खुर्ची गर्दीपासून मागे ओढली.

कर्नलसाहेबांना हे सगळं माझ्या आधीच कळलं असणार. ते दाराजवळ गेले, दोन्ही कुलपं हातात घेऊन पाहिली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चूक माझी आहे. त्या दिवशी चिखलोलीला किल्ल्या टेबलावर होत्या, चहाच्या गडबडीत माझ्याकडून अदलाबदल झाली असणार. दोघांनी जागा बदला आणि दुसरी किल्ली लावून बघा."

चिखलोलीला टेबलावर किल्ल्या नव्हत्याच. चहा मी दिला होता, मला माहीत आहे. वामनरावांनाही माहीत होतं, गौतमभाऊंनाही. मग वामनराव मुकाट वरच्या कुलपाशी आले, गौतमभाऊ मुकाट खाली वाकले. जुडग्यातली दुसरी किल्ली. खट्, खट्. कुलपं निघाली. दार ढकलताना दोघांचे खांदे एकमेकांना लागले आणि गौतमभाऊ हळूच म्हणाले, "वामनदादा, तुम भी?" वामनराव जे हसत सुटले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. गर्दीला वाटलं नानांच्या आठवणीने रडतायत, म्हणून तीही रडायला लागली. मी मात्र देवाचं नाव घेऊन असा सुस्कारा टाकला, की शेजारच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाहीये का तुम्हाला.

आत धूळ, जळमटं, कबुतरांनी केलेली घाण. पोरींनी लगेच झाडू हातात घेतले. माईंना खुर्चीसकट आत नेलं, खिडकीपाशी, जिथे त्या पूर्वी बसायच्या. त्या भिंतीला हात लावून बघत होत्या. बुद्धवंदनेचं त्रिसरण झालं, दोन्ही गटांनी एका आवाजात म्हटलं. मग माईंनी मुलाला जवळ बोलावलं आणि खाली वाकायला लावून म्हणाल्या, "आनंदा, झालं बघ. आता तुझ्याकडे कोणाचं काही राहिलं नाही. ना तुझ्या बापाचं, ना माझं." कर्नलसाहेब माईंच्या खुर्चीशेजारी, त्या न झाडलेल्या फरशीवर, पँटची पर्वा न करता बसले आणि भिंतीला डोकं टेकलं.

बाहेर भाषणांची तयारी चालली होती. माइक लागला, फोटोवाला आला. गौतमभाऊ आत आले, म्हणाले, साहेबांना बाहेर बोलवा, लोक नानांच्या मुलाला बघायला थांबलेत. माईंनी ओठांवर बोट ठेवलं. कर्नलसाहेबांची मान एका बाजूला कललेली, तोंड अर्धवट उघडं, लहान पोरासारखे गाढ झोपले होते. गौतमभाऊ मागे फिरले आणि माइक बंद करायला सांगितला. वामनरावांनी दार हलकेच लोटून घेतलं. मी त्यांना त्यानंतरही कितीदा पाहिलं, पुण्याला जाताना निरोपसुद्धा दिला, पण मनात राहिले आहेत ते असे, नानांच्या खोलीत घोरत असलेले, आणि बाहेर ती सगळी घोषणा देणारी माणसं एकमेकांना गप्प राहा, गप्प राहा म्हणत उभी.